बार्सिलोनात फिरताना पाकीट, पासपोर्ट आणि फोन कसा सांभाळायचा

बार्सिलोना धोक्याचं शहर नाही. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजताही चौकाचौकांत लहान मुलं खेळत असतात आणि म्हातारी माणसं बाकांवर गप्पा मारत बसलेली असतात. चाकू दाखवून लुटण्याचे प्रकार पर्यटकाच्या वाट्याला क्वचितच येतात. पाकीटमारी मात्र या शहरात फार चालते, आणि ती करणारे आपल्या कामात अत्यंत तरबेज असतात.

यामागे एक कारण कायद्याचं आहे. जबरदस्ती किंवा तोडफोड न करता केलेली ४०० युरोपर्यंतची चोरी स्पेनमध्ये किरकोळ गुन्हा धरली जाते आणि तिला शिक्षा होते ती दंडाची. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये कायदा कडक झाला, पण तो लागू व्हायला आधीच्या शिक्षा सिद्ध झालेल्या असाव्या लागतात. त्यामुळे सकाळी पकडलेला माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच फलाटावर उभा असू शकतो. पोलीस चोरी थांबवतील या भरवशावर राहू नका. बंदोबस्त आपला आपणच करायचा.

आपल्याकडची कुटुंबं चोरांना सोयीची पडतात. एक तर अंगावर सोनं असतं. दुसरं म्हणजे चौघांचे पासपोर्ट, सगळी रोकड आणि सगळी कार्डं एकाच बॅगेत असतात, आणि ती बॅग घरातल्या एकाच माणसाच्या खांद्यावर असते. चोरी कधीच होणार नाही अशी सोय कुणालाच करता येत नाही. एका चोरीत सगळं जाणार नाही अशी सोय मात्र नक्की करता येते, आणि पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. निघण्याच्या आठवडाभर आधी: कागद आणि कार्डं

हे सगळं घरीच, शांतपणे करून ठेवा.

- पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, तसंच शेंगेन व्हिसाचं (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) पान यांच्या प्रत्येकी तीन रंगीत झेरॉक्स. एक संच अंगावर, एक सामानात आणि एक सोबतच्या माणसाकडे.
- हेच सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवलेलं. फक्त फोनच्या गॅलरीत ठेवलं तर फोनसोबत तेही जातं.
- प्रत्येकाचे चार पासपोर्ट आकाराचे फोटो. परदेशात ऐन वेळी ते काढायला अर्धा दिवस जातो.
- प्रवास विम्याची छापील प्रत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण सामान आणि पासपोर्ट चोरीला गेला तर काय मिळतं हे कलम वेगळं वाचा. रोकड आणि दागिने बहुतेक पॉलिसींत धरलेले नसतात, आणि लक्ष न देता सोडलेल्या बॅगेची भरपाईही सहसा मिळत नाही.
- परतीच्या तिकिटाची आणि हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत.
- रोजच्या औषधांची चिठ्ठी. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव असू द्या, कारण तिथल्या फार्मसीत आपल्याकडचा ब्रँड ओळखणार नाहीत.
- एका कागदावर हाताने लिहिलेले क्रमांक: बँकांचे, विमा कंपनीच्या मदत केंद्राचा, हॉटेलचा, घरच्या दोन माणसांचा आणि माद्रिदच्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक.

बँकांच्या क्रमांकांत एक अडचण हमखास येते. कार्डाच्या मागे छापलेला १८०० ने सुरू होणारा मोफत क्रमांक परदेशातून बहुतेक वेळा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा, परदेशातून लागणारा वेगळा क्रमांक बँकेच्या संकेतस्थळावर असतो. तोच लिहून घ्या.

प्रत्येकाकडे किमान दोन कार्डं हवीत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली हवीत. भारतातल्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत, म्हणून बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा आणि त्याच वेळी रोजची मर्यादा कमी करून ठेवा. स्पेनमध्ये ५० युरोपर्यंतची रक्कम कार्ड नुसतं टेकवून, पिन न टाकता दिली जाते. चोर असेच छोटे छोटे व्यवहार झटपट उरकतात, म्हणून टेकवून पैसे देण्याची मर्यादाही खाली आणा. पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. पिन कार्डासोबत सापडला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी येतं.

२. फोनची तयारी

फोन गेला तर नुकसान फक्त फोनच्या किमतीचं होत नाही. त्यात भारतातलं सिम असतं, त्यावर बँकेचे ओटीपी येतात, त्याच फोनवर ईमेल उघडं असतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं उघडत जातं.

भारतातलं सिम घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला आणि तो फोन हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. रोजच्या फोनमध्ये प्रवासासाठी घेतलेलं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम, वापरा. हे जमणार नसेल तर निदान सिमला पिन लावा. फोनच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. पिन लावलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. कंपनीने दिलेला मूळ पिन आधी माहीत करून घ्या. तीनदा चुकला तर सिम बंद पडतं आणि मग ते पुन्हा सुरू करणाऱ्या पीयूके क्रमांकासाठी धावपळ होते.

व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. *#०६# डायल केलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो त्याच कागदावर लिहा, पोलीस तक्रारीत लागतो. शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. हरवलेला फोन दुसऱ्या फोनवरून शोधायला किंवा बंद करायला आपल्याच खात्यात शिरावं लागतं, आणि शिरताना ओटीपी येतो चोरीला गेलेल्या फोनवर. म्हणून ईमेल खात्याचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी चालणारे कोड, आधीच छापून सामानात ठेवा, आणि सोबतच्या माणसाच्या फोनवरून एकदा आत शिरून बघा.

३. काय कुठे ठेवायचं

सोबतच्या मोलाच्या वस्तूंचे तीन भाग करा.

पहिला भाग हाताशी: दिवसाच्या खर्चापुरते ४० ते ५० युरो आणि कमी मर्यादेचं एक कार्ड. हे गेलं तरी सहल थांबत नाही. दुसरा भाग कपड्यांच्या आत: बाकीची रोकड, दुसरं कार्ड, झेरॉक्सचा संच. तिसरा भाग हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत: मूळ पासपोर्ट, जुना फोन, जास्तीची औषधं. तिजोरी नसेल तर सुटकेसला कुलूप लावून ती कपाटात ठेवा.

कपड्यांच्या आतल्या भागासाठी बाजारात कमरेचे पट्टे मिळतात, पण त्याहून उत्तम सोय आपला शिंपी करून देतो. परकराला, सलवारीला किंवा पँटला आतून चेनचा चोरखिसा शिवून घ्या. पासपोर्ट साधारण साडेबारा बाय नऊ सेंटिमीटरचा असतो, म्हणून खिसा १५ बाय ११ सेंटिमीटरचा पुरतो. चेनचं तोंड वरच्या बाजूला येऊ द्या आणि खिसा पुढच्या बाजूला, पोटाशी घ्या. त्यातले पैसे चारचौघांत काढायचे नाहीत. ते सकाळी खोलीत काढून पहिल्या भागात भरायचे. फलाटावर उभं राहून कुडता वर करून पैसे मोजले, तर चोरखिसा शिवून काही उपयोग झाला नाही.

बॅग आडव्या पट्ट्याची, चेनची आणि पुढे पोटावर येणारी घ्या. चेनच्या दोन्ही कड्यांतून एक छोटी सेफ्टी पिन किंवा गाडीच्या किल्लीची कडी अडकवली की ती एका हाताने उघडत नाही, आणि चोराला काम एका हातानेच करायचं असतं. पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यांत पाण्याची बाटली आणि रुमाल यापलीकडे काही ठेवू नका. मागच्या खिशात तर काहीच नको.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र घालायचंच असेल तर काळ्या मण्यांची आखूड पोत घाला आणि ती कपड्याच्या आत राहू द्या. खोटं घातलं म्हणजे चिंता मिटली असं वाटतं, पण गळ्यात हात घालणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही, आणि ओढताना मान सोलवटून निघते. भारी घड्याळाचंही तसंच. महागडी मनगटी घड्याळं हेरून ती हिसकावणाऱ्या वेगळ्या टोळ्या या शहरात आहेत.

आता मूळ पासपोर्टचा प्रश्न. स्पेनच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाकडे ओळखपत्र असायला हवं आणि पोलीस मूळ पासपोर्ट मागू शकतात. तरीही शहरात फिरायच्या दिवशी तो तिजोरीत ठेवून रंगीत झेरॉक्स जवळ बाळगावी असं आमचं मत आहे. विचारलंच तर मूळ प्रत हॉटेलात आहे असं सांगायचं, फार तर सोबत जाऊन दाखवायची. पासपोर्ट गेला तर होणारा त्रास याच्या कितीतरी पट असतो. शहर बदलताना, गाडी भाड्याने घेताना किंवा कर परत मिळणारी खरेदी करताना मात्र मूळ पासपोर्ट लागतो. त्या दिवशी तो चोरखिशात असू द्या, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाजवळ.

हॉटेलात पत्ता, फोन, पैसे कसे दिले अशी बरीच माहिती विचारतात. डिसेंबर २०२४ पासून ती घेणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा शंका घेऊ नका. मात्र पासपोर्टची नोंद आपल्यासमोर करवून लगेच परत घ्या.

४. राहायची जागा

घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत 'एचयूटीबी'ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. बार्सिलोनात पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांचा हा परवाना असतो. क्रमांक नाही, आणि वर 'ॲपबाहेर थेट खात्यात पैसे पाठवा, स्वस्तात देतो' असं कुणी म्हणत असेल, तर ते घर अस्तित्वातच नसण्याची शक्यता मोठी. पत्ता शोधत सामानासह गल्लीत उभं राहण्याची वेळ तिथूनच येते.

५. विमानतळ ते हॉटेल

उतरल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात नाजूक असतो. झोप झालेली नसते, सामान सगळं सोबत असतं आणि डोळे फोनच्या नकाशात असतात. हॉटेलचा रस्ता विमानतळाच्या आतच, बसून, नीट बघून घ्या.

शहराच्या मध्यावरच्या प्लासा दे कातालुन्या या चौकाला जाणारी एरोबुस ही बस दोन्ही टर्मिनलवरून सुटते. बसमध्ये सामानाची मांडणी असते, पण बस मधल्या थांब्यांवर थांबते आणि मोठी बॅग सहज उचलून उतरता येतं. म्हणून मांडणी दिसेल अशा जागी बसा, आणि प्रत्येक थांब्यावर एकाने उभं राहून बघा. टॅक्सी काळ्या-पिवळ्या असतात. अधिकृत रांगेतूनच घ्या आणि मीटर सुरू करायला सांगा. आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांबरोबर जाऊ नका. हॉटेलच्या काउंटरपाशी कागद भरताना हँडबॅग जमिनीवर ठेवायची नाही. ठेवलीच तर दोन्ही पायांच्या मध्ये, पट्टा पायात अडकवून.

६. मेट्रो

मेट्रो स्वच्छ, वेळेवर चालणारी आणि वापरायला सोपी आहे. ती टाळायचं कारण नाही. पण चोरीच्या दृष्टीने सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं ते इथेच, विशेषतः हिरव्या एल-३ मार्गावरची कातालुन्या, लिसेऊ आणि ड्रासानेस ही स्थानकं, आणि साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं स्थानक.

पद्धत अशी असते. गाडी येते, दार उघडतं. तुमच्या पुढची बाई आत एक पाऊल टाकून थबकते आणि काहीतरी पडल्यासारखी वाकते. तुम्ही दारातच अडता. मागून दोघं तुमच्यावर रेलतात, त्यांतल्या एकाच्या हातावर जाकीट टाकलेलं असतं, भर उन्हाळ्यातसुद्धा. त्या जाकिटाखालचा हात तुमच्या सॅकची चेन उघडत असतो. तुमचं लक्ष पुढे, कारण पुढची वाट अडलेली. दार बंद होण्याचा आवाज होतो, वाकलेली बाई गर्रकन वळून बाहेर पडते, मागचे दोघंही उतरतात आणि दार मिटतं. तुम्ही गाडीत, पाकीट फलाटावर. हे सगळं दहा-बारा सेकंदांत होतं. सरकत्या जिन्यावरही हाच खेळ चालतो: वरचा एकदम थांबतो, खालचे आदळतात.

म्हणून:

- गाडी येण्याआधीच बॅग पुढे घ्या आणि चेनवर हात ठेवा.
- दारात कोंडी दिसली तर मागे सरा. दिवसा पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येते.
- आत गेल्यावर दारापाशी उभं राहू नका. फोन हातात घेऊन दाराजवळच्या सीटवर बसणं तर मुळीच नको. दार मिटता मिटता फोन हिसकावून पळतात.
- 'पाकीटमारांपासून सावध' अशी पाटी किंवा घोषणा आली की माणसाचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. चोर तेवढ्यासाठीच बघत असतो, कारण पाकीट कुठे आहे ते त्याला आयतं कळतं. हात आवरा.
- तिकिटाच्या यंत्रापाशी कुणी न मागता मदत करायला आलं तर 'नो, ग्रासियास' (नको, धन्यवाद) म्हणून व्यवहार रद्द करा. दहा प्रवासांचं टी-काजुआल कार्ड एका वेळी एकाच माणसाला चालतं, घरातल्या सगळ्यांनी एकावर प्रवास केला तर दंड होतो. ज्याचं त्याने वेगळं घ्या.

मेट्रो सोमवार ते गुरुवार मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी रात्री दोनपर्यंत आणि शनिवारी रात्रभर चालते. एरवी उशीर झाला तर रात्रीच्या बसेस किंवा टॅक्सी.

७. रस्त्यावरच्या युक्त्या

ला राम्ब्ला हा गर्दीचा रस्ता, बोकेरिया बाजार, गॉथिक भागातल्या गल्ल्या, साग्रादा फामिलियासमोरचं पटांगण, मोंजुइक टेकडीच्या कारंज्याची गर्दी: माणूस मान वर करून बघत असतो अशी ही ठिकाणं. युक्त्या निरनिराळ्या दिसल्या तरी तुम्हाला थांबवायचं, तुमचा हात किंवा नजर गुंतवायची आणि तेवढ्यात काम उरकायचं, हे सगळ्यांत सारखंच असतं.

डागाची युक्ती आपल्या लोकांवर फार चालते, कारण ती सौजन्याच्या वेशात येते. कुणीतरी सांगतं, खांद्यावर पक्ष्याने घाण केली आहे. खरोखरच काहीतरी पांढरं-पिवळं लागलेलं असतं, ते त्यांनीच उडवलेलं असतं. मग एखादं सभ्य दिसणारं जोडपं कागदी रुमाल आणि पाणी घेऊन पुसायला लागतं, बॅग उतरवायला सांगतं. थांबू नका, बॅग उतरवू नका, हात लावू देऊ नका. तसंच चालत जवळच्या दुकानात शिरा आणि आत जाऊन स्वतः पुसा.

कॅथेड्रलच्या आसपास बायका हातात वनस्पतीची डहाळी किंवा फूल देतात आणि हात धरून ठेवतात. फळीला कागद लावून मुकबधिरांसाठी सही मागणारी मुलं येतात, आणि ती फळी तुमच्या बॅगेवर धरली जाते. रात्री कुणी हसत गळ्यात हात टाकतो आणि फुटबॉलचा डाव दाखवतो म्हणत पायात पाय घालतो. वाटीखाली गोळी लपवण्याचा खेळ रस्त्यावर मांडलेला असतो. जिंकणारे त्यांचेच असतात, आणि बघणाऱ्यांचे खिसे मागून तपासले जातात.

साध्या कपड्यांतला माणूस ओळखपत्र दाखवून 'पोलीस, पाकीट दाखवा, खोट्या नोटा तपासायच्या आहेत' म्हणाला, तर पाकीट काढू नका. खरे पोलीस रस्त्यात तुमच्या नोटा मोजत नाहीत आणि पिन कधीच विचारत नाहीत. 'पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो' असं सांगा आणि ११२ लावायला घ्या. तोतया तिथेच गळतो.

८. कॅफे, नाश्ता आणि समुद्रकिनारा

बाहेरच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही. कुणी नकाशा किंवा वर्तमानपत्र घेऊन येतो, टेबलावर पसरतो, पत्ता विचारतो, आभार मानतो आणि कागद उचलून जातो. फोन त्या कागदाखालून गेलेला असतो. खुर्चीच्या पाठीला पर्स लावली तर पाठीला पाठ लावून बसलेला माणूस ती बघता बघता रिकामी करतो. पर्स मांडीवर ठेवा किंवा तिचा पट्टा मांडीत अडकवा.

हॉटेलातला बुफे नाश्ता ही लोक सुरक्षित समजतात अशी जागा. तिथे पाहुण्यासारखे कपडे घालून बाहेरचा माणूस सहज येतो. टेबल अडवायला पर्स ठेवून सगळे ताट घ्यायला गेले की संपलं. ग्रुप टूरमध्ये हे फार होतं, कारण सगळे ओळखीचेच आहेत असं वाटतं. टूरच्या बसचंही तेच. दार बंद असलं तरी सीटवर पासपोर्ट किंवा पर्स सोडून उतरू नका.

बार्सेलोनेताच्या किनाऱ्यावर जाताना टॉवेल, २० युरो आणि खोलीची किल्ली एवढंच न्या. आळीपाळीने पाण्यात जा, आणि मागे राहणारा जागा हवा. डोक्याखाली बॅग घेऊन झोपणं म्हणजे राखण नव्हे. हिरवा, पिवळा, लाल असे झेंडे असतात. लाल असला की गुडघाभर पाण्यातही उतरू नका. आपल्याकडच्या उथळ किनाऱ्यांची सवय असणाऱ्यांना इथे थोड्याच पावलांत पायाखालची वाळू एकदम खोल गेलेली जाणवते. वाळूत फिरून ग्लासातली पेयं विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. ते विनापरवाना असतात.

९. पैसे काढताना

रस्त्यावरच्या सुट्या यंत्रातून काढू नका. बँकेच्या शाखेला लागून असलेलं, शक्यतो आतलं यंत्र गाठा आणि शाखा उघडी असताना काढा, म्हणजे कार्ड अडकलं तर आत विचारता येतं. यंत्र 'रुपयांत आकारू की युरोत' असं विचारतं. नेहमी युरो निवडा. रुपये निवडले तर विनिमयाचा दर ते यंत्र ठरवतं आणि तो महागच असतो. दुकानातल्या कार्ड-यंत्रावरही हाच प्रश्न येतो.

१०. रस्ता ओलांडणं आणि रात्र

आपल्याला रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायची सवय असते. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून गाडी आधी डावीकडून येते. मुलांना आणि वयस्कांना हे पहिल्याच दिवशी दोन-तीनदा करून दाखवा. सायकलचे मार्ग बरेचदा दुतर्फा असतात आणि त्यांवरून विजेच्या स्कूटर आवाज न करता येतात. फोटो काढायला मागे मागे सरकत माणूस नेमका त्या पट्ट्यावर जातो.

रात्री उशिरा राम्ब्लाच्या बंदराकडच्या टोकाजवळच्या आणि शेजारच्या रावाल वस्तीच्या दक्षिणेकडच्या अरुंद गल्ल्या टाळा, मोठ्या रस्त्याने जा. पेयाचा ग्लास टेबलावर सोडून जाऊ नका. क्लबमध्ये एखाद्या बाईला असुरक्षित वाटलं तर काउंटरवर किंवा दारावरच्या माणसाला सांगावं. लैंगिक छळाच्या प्रसंगी काय करायचं याची 'नो काल्येम' नावाची कार्यपद्धती शहराने २०१८ पासून आखलेली आहे आणि त्यात सामील असलेल्या क्लबांच्या कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण असतं.

गाडी भाड्याने घेऊन फ्रान्सच्या दिशेने एपी-७ महामार्गावर जात असाल, आणि कुणी शेजारून 'टायर पंक्चर' अशी खूण करू लागलं, तर कडेला थांबू नका. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत हळू जा, दारं आतून बंद ठेवा. पंक्चर खरंच असलं तरी उतरताना किल्ली काढून घ्या आणि पर्स सीटवर ठेवू नका.

११. चोरी झालीच तर: पहिला तास

पाठलाग करू नका. वस्तू तोवर दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते. पुढच्या क्रमाने जा.

१. 'मे आन रोबादो' म्हणजे 'माझी चोरी झाली आहे'. एवढं मोठ्याने म्हणा, मदत मिळते. इजा झाली असेल किंवा धोका असेल तर ११२ लावा. हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं.

२. आसपासच्या कचराकुंड्या बघा. चोर रोकड काढून पाकीट आणि कागद बरेचदा जवळच टाकतात.

३. कार्डं बंद करा. सोबतच्या माणसाच्या फोनवरून ॲपने किंवा त्या +९१ च्या क्रमांकावरून. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

४. फोन गेला असेल तर तो दूरून 'हरवला' म्हणून बंद करा, आणि भारतातलं सिम त्यात असेल तर घरच्यांकडून लगेच बंद करवा. फोन अमुक ठिकाणी सापडला आहे, पासवर्ड टाका असे संदेश नंतर येतात. ते चोरांचेच असतात, दुव्याला हात लावू नका.

५. पोलीस तक्रार करा. तिला तिथे 'देनुन्सिया' म्हणतात. बार्सिलोनात ती कातालुन्या प्रांताचे पोलीस, म्हणजे मोस्सोस दे एस्क्वाद्रा, घेतात. राम्ब्लाजवळ नोउ दे ला राम्ब्ला या रस्त्यावर ७६-७८ क्रमांकाला त्यांचं ठाणं आहे. रांग लागते, दोन-तीन तास धरून चला, पाणी आणि औषध सोबत ठेवा.

तक्रारीत वस्तू एकेक करून लिहवा: फोनचा आयएमईआय, पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, रक्कम. सही करण्याआधी पासपोर्ट क्रमांकातला प्रत्येक अंक ताडून पाहा. एक अंक चुकला तर दूतावासात पुन्हा फेरा पडतो. 'हरवलं' असं लिहू देऊ नका, 'चोरीला गेलं' असंच हवं, नाहीतर विमा कंपनी हात वर करते. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, बऱ्याच पॉलिसींत २४ तासांची अट असते.

६. दोन दिवसांनी प्लासा कार्लेस पी इ सुन्येर इथल्या 'ओफिसिना दे त्रोबायेस' या सापडलेल्या वस्तूंच्या कचेरीत विचारा. फेकून दिलेले कागद तिथे पोहोचतात.

१२. पासपोर्ट गेला असेल तर

तक्रारीची प्रत, झेरॉक्स, फोटो आणि परतीचं तिकीट घेऊन भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. दूतावास माद्रिदला आहे. बार्सिलोनाहून वेगवान रेल्वेने अडीच-तीन तास लागतात. निघण्याआधी फोन करून कामाची वेळ आणि लागणारे कागद विचारा, आणि हे काम बार्सिलोनातल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून होईल का तेही विचारा. शनिवार-रविवारी कचेरी बंद असते, म्हणून शुक्रवारी दुपारी चोरी झाली असेल तर थांबू नका, लगेच आपत्कालीन क्रमांकावर बोला.

घाईच्या वेळी मिळतं ते आपत्कालीन प्रमाणपत्र. ते फक्त भारतात परतायच्या एका प्रवासापुरतं असतं. पासपोर्टबरोबर शेंगेन व्हिसाही गेलेला असतो, त्यामुळे पुढे पॅरिस किंवा रोमचं बुकिंग असलं तरी ती सहल इथेच सोडून परतावं लागतं. विमान कंपनीला हे आधी कळवा आणि वाटेत ज्या देशात विमान बदलायचं आहे तिथे हे प्रमाणपत्र चालतं का ते विचारा. चालत नसेल तर मार्ग बदलून घ्या. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा, देनुन्सियाची प्रत हातात ठेवा.

आणि समजा चोरीला गेला म्हणून नोंदवलेला पासपोर्ट दोन दिवसांनी कुणी हॉटेलात आणून दिला, तर तो घेऊन विमानतळावर जाऊ नका. नोंद होताच तो रद्द झालेला असतो आणि सीमेवर अडवतात. तो दूतावासाला कळवून जमा करा, प्रमाणपत्रावरच प्रवास करा आणि घरी आल्यावर नव्या पासपोर्टचा अर्ज देनुन्सियाच्या प्रतीसह भरा.